अंबड एमआयडीसीत नोकरी, महिना १० हजारांचं बजेट: पाथर्डी फाटा, जेलरोड की आडगाव?

खानदेशी_पाहुणा

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर धुळ्याहून नाशिकला राहायला येतोय. नोकरी अंबड एमआयडीसीत, तीन पाळ्या. सोबत पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. पत्नी शाळेत नोकरी बघणार आहे, पण कुठे मिळेल ते अजून ठरलेलं नाही. नातेवाइकांनी तीन जागा पाहून ठेवल्यात:

पाथर्डी फाटा: वन बीएचके, नवी पाच मजली इमारत, भाडं ९,५०० अधिक मेंटेनन्स ८००, डिपॉझिट ४०,०००.
जेलरोड: वन बीएचके, जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, भाडं ८,५०० अधिक ३००, डिपॉझिट ३०,०००. लाइट सबमीटरवर, म्हणजे मालकाच्या मुख्य मीटरखालच्या पोटमीटरवर.
आडगाव: टू बीएचके रो-हाउस, भाडं ९,०००, डिपॉझिट ५०,०००.

पाथर्डीचे मालक म्हणतात, "५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू, ११ महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही." हे बरोबर आहे का? आणि पाण्याचं नेमकं काय विचारायचं? तिन्हीकडे "पाणी भरपूर आहे" एवढंच उत्तर मिळतंय.

त्रिमूर्ती_चौक

दादा, तीन पाळ्या म्हटल्यावर आधी कंपनीत फोन करून बस कुठून कुठून फिरते ते विचारा. अंबड-सातपूरच्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या बस असतात, पण थांबे ठरलेले असतात. थांबा घरापासून चालत दहा मिनिटांवर असेल तर खालचं सगळं गणित बदलतं. कंत्राटदारामार्फत लागत असाल तर बस मिळेलच असं धरू नका.

बस नाही असं समजून हिशेब करतो. महिन्याला २६ दिवस, गाडी लिटरला ५० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये. पाथर्डी फाट्यावरून अंबड एका बाजूने साधारण ४ किलोमीटर, म्हणजे महिन्याला २०८ किलोमीटर, खर्च ४४० च्या आसपास. जेलरोडहून १४ धरा: ७२८ किलोमीटर, १,५३०. आडगावहून १६ धरा: ८३२ किलोमीटर, १,७५०. आता भाडं, मेंटेनन्स आणि पेट्रोल एकत्र करा. पाथर्डी १०,७४०, जेलरोड १०,३३०, आडगाव १०,७५०. भाड्यात दीड हजारांचा दिसणारा फरक चारशेवर येतो, आणि आडगावचं स्वस्त रो-हाउस पाथर्डीइतकंच पडतं. शिवाय रोज २४ किलोमीटर जास्त, तेही महामार्गावरच्या द्वारका चौकातल्या कोंडीसकट.

दुसरी पाळी रात्री अकरा-बाराला सुटते. त्या वेळी सिटीलिंकच्या, म्हणजे शहर बसच्या, भरवशावर राहता येत नाही. जेलरोडला जायला पाथर्डी फाटा, वडनेर, विहितगाव असा आतला रस्ता जवळचा दिसतो. दिवसा ठीक आहे. रात्री दुचाकीवरून एकट्याने तो रस्ता धरू नका, वडनेर दुमाला भागात बिबट्याचा वावर आहे आणि मधले पट्टे अंधारे आहेत. महामार्गाने द्वारकेवरून फिरून जा, चार किलोमीटर जास्त पडले तरी चालतील.

पाथर्डीबद्दल एक. जाहिरातीत "पाथर्डी फाटा" लिहितात ते फाट्यापासून पार पाथर्डी गावापर्यंत आणि वडाळा-पाथर्डी रस्त्यापर्यंत कुठेही असू शकतं. त्यामुळे लोकेशन मागवून घ्या. पाथर्डी शिवारात महापालिकेचा कचऱ्यापासून खत करण्याचा प्रकल्प आहे. वाऱ्याची दिशा तशी असली की त्या अंगाच्या वस्तीला वास येतो, पावसाळ्यात जास्त. दुपारी बाराला फ्लॅट पाहून हे कळत नाही. संध्याकाळी सातनंतर जा आणि खालच्या किराणा दुकानदाराला विचारा. तो खरं सांगतो, कारण त्याला फ्लॅट भाड्याने द्यायचा नसतो.

या तिघांत अडकूही नका. सिडको वसाहतीत उत्तमनगर, पवननगर, कामटवाडे या भागांत घरांचे वरचे मजले तुमच्या बजेटात बसतात आणि अंबड हाकेच्या अंतरावर आहे. गल्ल्या अरुंद आहेत, चारचाकी असेल तर विचार सोडा. दुचाकीवाल्याला चालतं.

नळ_आणि_टाकी

पाण्याबद्दल "भरपूर" हे उत्तर घेऊच नका. वेगवेगळे प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: महापालिकेची नळजोडणी इमारतीला आहे का, आणि तिची पाणीपट्टी कोण भरतं? नव्या इमारतीत पूर्णत्वाचा दाखला अडकलेला असेल तर नळजोडणीही लटकते, आणि सगळी इमारत बोअर अधिक टँकरवर चालते. पाणीपट्टीचं शेवटचं बिल दाखवा म्हणा. बिल असेल तर जोडणी आहे. पाथर्डीची ती नवी पाच मजली इमारत याच कारणासाठी नीट तपासायला हवी.

दुसरा: महापालिकेचं पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं? ते खालच्या टाकीत पडतं, मोटरने वर चढवतात. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्याला पाण्याची वेळ महत्त्वाची नाही असं वाटतं. पण वरची टाकी छोटी असेल आणि सगळी इमारत सकाळी नऊपर्यंत ती रिकामी करत असेल, तर दुपारी तीनला उठल्यावर नळ कोरडा असतो. म्हणून टाकी बघा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरांसाठी धरलं जाणारं प्रमाण आहे. १६ फ्लॅट, प्रत्येकी चार माणसं, म्हणजे ८,६४० लिटर. गच्चीवर जाऊन टाक्यांवर छापलेले आकडे वाचा. एकूण ५,००० लिटर असेल तर दिवसातून दोनदा मोटर चालवावी लागणार, आणि ती कोण चालवतं हा पुढचा प्रश्न.

तिसरा: मागच्या एप्रिल-मे महिन्यांत टँकर किती आले? हे वॉचमनला विचारा, मालकाला नाही. वरच्याच हिशेबाने पूर्ण टँकरवर आलेल्या १६ फ्लॅटच्या इमारतीला रोज जवळपास एक १०,००० लिटरचा टँकर लागतो. टँकर समजा १,६०० ला पडला तर फ्लॅटमागे दिवसाला १००, महिन्याला ३,०००. मेंटेनन्स ८०० सांगितलंय, त्यात टँकर आहे की वेगळी वर्गणी? बजेट इथेच मोडतं. करारात "मेंटेनन्स ८०० रुपये, टँकरसह, त्यावरचा खर्च मालकाचा" असं लिहून घ्या किंवा निदान किती आणि कोणी भरायचे ते लिहून घ्या.

बोअरचं पाणी जड आहे का हे ओळखायला प्रयोगशाळा नको. बाथरूममधला शॉवर बघा, भोकं पांढऱ्या क्षारांनी बुजलेली आहेत का. नळाच्या तोंडाशी पांढरा थर, फरशीच्या कडेला पांढरी रेघ, कमोडच्या टाकीत कवच. हे दिसलं तर पिण्याचं पाणी वेगळं लागेल, गिझरची कॉइल लवकर जाईल आणि साबणाला फेस येणार नाही. नव्या इमारतीत फिटिंग्ज नवी असल्याने खुणा दिसत नाहीत. तिथे पहिल्या मजल्यावरच्या राहत्या घरात विचारा.

भागांचं सांगायचं तर गंगापूर धरण हा शहराचा मुख्य आधार. मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येऊन पाथर्डी-सिडको अंगाला जातं. नाशिकरोडला, ज्यात जेलरोड येतो, दारणा नदीचं पाणी चेहेडीच्या बंधाऱ्यावरून उचलतात. तिथे वालदेवी नदीचं पाणी मिसळत असल्याने उन्हाळ्यात पाण्याला वास येण्याच्या तक्रारी होतात. जेलरोडला घर घेतलंत तर फिल्टर पहिल्या दिवसापासून ठेवा.

मुद्रांक_मदत

नोटरीबद्दल: मालक सांगतायत ते चूक आहे. गैरसमज कुठून आला तेही सांगतो. नोंदणी कायदा १९०८ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. त्यातून ११ महिन्यांची पळवाट सगळ्या देशात रूढ झाली. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे. त्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीसाठी राहायला देण्याचा नेहमीचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि वाद झालाच तर करार कोणत्या अटींवर झाला याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे मालकांना शांतपणे सांगा. नोंदणी त्यांच्याच फायद्याची आहे: मुदत संपूनही भाडेकरू गेला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. नोटरीच्या कागदावर हा रस्ता अवघड होऊन बसतो.

खर्चाची भीती असेल तर हा हिशेब दाखवा. भाडं ९,५०० गुणिले ११ म्हणजे १,०४,५००. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने ११ महिन्यांची रक्कम मिळवायची: ४०,००० वर ३,६६७. बेरीज १,०८,१६७. त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण २७० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर ऑनलाइन हाताळणी शुल्क आणि घरी येणाऱ्या एजंटची मजुरी. मजुरी आधी ठरवा आणि सरकारी चलनाची प्रत वेगळी मागा, म्हणजे कशाचे किती घेतले ते दिसतं.

काम असं होतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मिळकतीचा तपशील, दोन्ही बाजू, भाडं, डिपॉझिट, मुदत, अटी भरतात. मसुदा येतो. हा मसुदा स्वतः वाचा, एजंटला मोबाइलवर पाठवायला सांगा. चलन भरतात. मग मालक, भाडेकरू आणि ओळख पटवणारे दोघे यांचे आधारवर अंगठे आणि फोटो. दुय्यम निबंधकांनी तपासून डिजिटल सही केली की करार आणि इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा सारांश-कागद) डाउनलोड होतो. अंगठे झाले म्हणजे नोंदणी झाली असं समजू नका. इंडेक्स टू हातात पडेपर्यंत पूर्ण डिपॉझिट देऊ नका, टोकन द्या आणि तेही बँकेतून.

अडतं कुठे, तर आधार आणि पॅनवरच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये, आणि अंगठ्यात. मशीनवर काम करणाऱ्यांचे आणि वयस्करांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र घेत नाही. हात कोमट पाण्याने धुऊन पुसा, दहाही बोटं करून बघा. आधारवर बायोमेट्रिक लॉक केलेलं असेल तर आधी उघडून ठेवा.

अटींमध्ये मला महत्त्वाच्या वाटतात त्या: नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिना. डिपॉझिट किल्ली परत करताना त्याच दिवशी, आणि कपात झाली तर बिलासह. रंगाचे पैसे कापणार असतील तर रक्कम आत्ताच लिहा, कारण "रंग खराब झाला" हा डिपॉझिट अडकण्याचा सगळ्यात मोठा बहाणा आहे. मोटर, गिझर, गळती यांची दुरुस्ती कोणाकडे. लॉक-इन, म्हणजे घर सोडता किंवा सोडायला लावता येणार नाही असा काळ, असेल तर किती महिने. सोसायटीचं बिगर-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसेल तर लावतात ते) मालकाने भरायचं. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर लावता येत नाही, म्हणून तुमच्या माथी हजार-पाचशे मारले जात असतील तर थांबा.

मुलीसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांवर प्रवेशासाठी अर्ज करणार असाल तर भाडेकरूचा पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच लागतो, किमान ११ महिन्यांचा आणि अर्जाच्या आधीच्या तारखेचा. नोटरीचा चालत नाही. कागदावरून प्रवेश गेला तर ते वर्ष परत मिळत नाही.

खानदेशी_पाहुणा

खूप खूप आभार. तीन शंका राहिल्या. पाथर्डीचा फ्लॅट मालक आणि त्यांच्या पत्नी दोघांच्या नावावर आहे, त्या पुण्यात असतात. जेलरोडचा सबमीटर कितपत महाग पडेल? आणि सिंहस्थ कुंभमेळ्यात घर खाली करायला लावतील असं नातेवाईक म्हणतायत, त्यात तथ्य आहे का?

बिटको_परिसर

जेलरोडच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं. तुमच्या पत्नीची नोकरी ठरायची आहे ना? नाशिकरोडला शाळा भरपूर, बाजार पायाखाली, रेल्वे स्टेशन जवळ आणि बिटको चौकातून शहरात जायला बस सतत. धुळ्याकडच्या पाहुण्यांची ये-जा असेल तर तेवढं एक आडगाव सोयीचं, महामार्गावर उतरले की घर. घरात दिवसभर राहणाऱ्या माणसाची सोय हाही हिशेबच आहे, पेट्रोलसारखाच. ताईंना स्वतः येऊन तिन्ही भाग संध्याकाळी बघू द्या.

सबमीटरचं. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, पुढे चौथा. १०० ओलांडलं की दर एकदम चढतो. मालकाचे ९० आणि तुमचे ९०, वेगवेगळ्या मीटरवर दोघंही पहिल्या टप्प्यात. एकाच मुख्य मीटरवर १८० झाले की ८० युनिट दुसऱ्या टप्प्यात गेले, आणि मालक तुम्हाला सरसकट एक दर लावणार. म्हणून स्वतंत्र महावितरण मीटर असेल तरच घर घ्या असं माझं मत. सबमीटरवरच घ्यायचं ठरलं तर "मुख्य बिलाची रक्कम भागिले एकूण युनिट, गुणिले सबमीटरचे युनिट" हे सूत्र करारात घाला आणि दर महिन्याला मूळ बिलाचा फोटो मिळेल असं लिहा. आणखी एक तपासणी: घरातलं मेन स्विच बंद करा आणि सबमीटर बघा. तरीही फिरत असेल तर जिन्यातला दिवा किंवा पाण्याची मोटर तुमच्या मीटरवर आहे.

स्वतंत्र मीटर असेल तर बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या अ‍ॅपवर थकबाकी बघा. मागच्या भाडेकरूने बिल बुडवलं असेल तर वीज तुमची तोडली जाते.

मुद्रांक_मदत

दोन नावं असतील तर दोघांचा अंगठा लागतो. त्या पुण्यात असल्या तरी चालतं, तिथला एजंट त्यांचा अंगठा घेऊ शकतो, फक्त दोन एजंटांचा मेळ मालकांनी घालायचा. नाहीतर कुलमुखत्यारपत्र असेल तर त्याची प्रत जोडावी लागते. "मी एकटाच सही करतो" हे मान्य करू नका. डिपॉझिट मागायची वेळ आली की दुसऱ्या नावाचा माणूस हात वर करतो. मालकी पटवायला त्यांच्या खरेदीचा इंडेक्स टू, घरपट्टीची पावती आणि लाइटबिल एकमेकांशी जुळवा. सिडकोच्या घरात हे आणखी नीट बघा, तिथे अनेक व्यवहार नुसत्या मुखत्यारपत्रावर झालेले असतात.

सिंहस्थाबद्दल नातेवाइकांचं म्हणणं उडवून लावू नका. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नानं आहेत. तपोवन, पंचवटी, रामकुंड परिसरात आणि त्या अंगाच्या आडगाव, नांदूर, म्हसरूळपर्यंत घरं रोजच्या भाड्याने देण्याचा मोह मालकांना होणार. पाथर्डी, जेलरोडला कमी, पण नाही असं नाही. उपाय तारखेत आहे. करार मे ते सप्टेंबर २०२७ च्या मध्ये संपत असेल तर ११ ऐवजी १५ किंवा २४ महिन्यांचा करा. कायद्याला मुदतीची अडचण नाही, मुद्रांक थोडं वाढतं इतकंच. २४ महिन्यांच्या करारात बाराव्या महिन्यानंतरची भाडेवाढ किती टक्के ते लिहा, आणि लॉक-इन मालकावरही बंधनकारक आहे असं वाक्य घाला. छापील मसुद्यात ते बहुतेक वेळा फक्त भाडेकरूवर असतं. दबाव आणायला पाणी किंवा वीज तोडणं कलम २९ खाली मालकाला करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

भाडं वर्षाला एक लाखाच्या वर जातंय, म्हणून जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेणार असाल तर मालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागेल. तो आत्ताच घ्या, मार्चमध्ये मागितला की मालक फोन उचलत नाहीत. नवीन करप्रणालीत ही सूट नाही.

पोलिसांना भाडेकरूची माहिती मालकाने द्यायची असते. पाथर्डी फाट्याला हद्द अंबडची की इंदिरानगरची हे जागेनुसार बदलतं, ते विचारून मग जा. पोच घेऊन त्याचा फोटो स्वतःकडे ठेवा.

नळ_आणि_टाकी

घर ताब्यात घ्यायच्या दिवसाचं राहिलं. मालक समोर असताना सगळ्या खोल्यांचा एक सलग व्हिडिओ करा, छतासकट. स्लॅबवर पिवळसर डाग, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर फुगलेला रंग, खिडकीखाली पोपडे असतील तर ते पावसाळ्यात गळणार. दिवाळीनंतर भिंती कोरड्या दिसतात म्हणून हातही लावून बघा, रंग ताजा आणि फक्त एकाच भिंतीला दिलेला असेल तर का दिला ते विचारा. वीजमीटरचं रीडिंग आणि मीटर क्रमांक एकाच फोटोत घ्या. किचन आणि बाथरूमचे नळ एकदम सोडा, पाच मिनिटं चालू ठेवा: वरच्या मजल्यावर दाब पडतो का, आणि मोरीतलं पाणी तुंबून परत वर येतं का, दोन्ही कळतं. हे सगळं मालकाच्या मोबाइलवर त्याच दिवशी पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

गॅससाठी धुळ्याच्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या. नाशिकच्या एजन्सीत ते आणि नोंदणीकृत करार दाखवला की कनेक्शन मिळतं. इमारतीत पाइप गॅस आला असेल तर अर्ज मालकाच्या नावाने करायचा की तुमच्या, ते आधी ठरवा, कारण अनामत रक्कम ज्याच्या नावाने भरली त्यालाच परत जाते.